‘सर्वानुमते’ या शब्दाचं वजन : मेंढा (लेखा) गावाचं प्रकरण

ग्रामपंचायतीचं, पतसंस्थेचं, शाळा समितीचं, कुठलंही प्रोसिडिंग बुक उघडा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक आणि त्याखाली आपल्या सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य : ‘ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा लिहिलं आहे. समोर बसलेल्यांपैकी किती जणांना विषय कळला, किती जण गप्प राहिले आणि का राहिले, हे लिहिताना कधी विचारलं नव्हतं. गावाच्या जंगलावरच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या वनहक्क समित्यांच्या प्रशिक्षणासाठी गडचिरोलीत जाऊ लागले, तेव्हा हा शब्द अक्षरशः पाळणारी माणसं पहिल्यांदा भेटली. राजकीय कामाबद्दल जे शिकले होते, त्यातलं बरंचसं तिथं नव्यानं शिकावं लागलं.

मेंढा (लेखा) हे गाव वाचणाऱ्यांना अनोळखी नाही. बांबूच्या विक्रीमुळे ते वर्तमानपत्रांत आलं, मंत्री येऊन गेले, अभ्यासकांची रीघ लागली. मी मात्र या प्रकरणाकडे एकच प्रश्न घेऊन पाहते आहे. आदिवासी ज्ञान राजकीय कामात आणायचं म्हणजे नेमकं काय आणायचं? आपल्या चळवळींत ते बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या सुरुवातीला येतं. ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, ढोल वाजतो, रेला नाच होतो, इंग्रजांविरुद्ध लढलेले गोंड वीर बाबूराव शेडमाके यांच्या तसबिरीला हार घातला जातो. मग पाहुणे बोलायला उठतात आणि पुढची सगळी बैठक शहरातून ठरवून आणलेल्या विषयपत्रिकेवर चालते. त्या बैठकीत आदिवासी माणूस असतो, पण निर्णय घ्यायची त्याची रीत तिथं नसते. मेंढ्यात ही रीतच राजकारणाच्या मध्यभागी आली. या गावाचं महत्त्व मला बांबूच्या पैशापेक्षा त्यात जास्त वाटतं.

गाव आणि त्याची पार्श्वभूमी

गडचिरोली शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर, धानोरा तालुक्यात, हे गोंडांचं छोटं गाव आहे. वस्ती पाचशेच्या आत. लेखा नावाच्या गट ग्रामपंचायतीत मोडतं, म्हणून कंसात लेखा. गावाच्या सीमेत सुमारे १,८०० हेक्टर जंगल आहे आणि शेती त्या मानानं अगदी थोडी. घरात गोंडी, बाजारात आणि कचेरीत मराठी.

जंगल जमीनदारीच्या काळात जमीनदाराच्या नावावर होतं, पण गावाला त्यातून सरपण, घराची लाकडं, बांबू, चराई मिळायची. याला निस्तार म्हणतात. १९५०च्या कायद्यानं जमीनदारी गेली. निस्तार पत्रकात हक्क नोंदले गेले खरे, पण जंगल वनखात्याकडे गेलं आणि हळूहळू हक्काची सवलत झाली, सवलतीची मेहेरबानी झाली. पुढे बांबू कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या करारानं दिला गेला. ज्या बांबूवर गाव जगत होतं, तोच बांबू कारखान्यासाठी मजुरीनं तोडायचा आणि घराच्या कुडासाठी दोन काठ्या आणल्या तर गुन्हा, अशी स्थिती.

ऐंशीच्या दशकात इंद्रावतीवरच्या भोपालपटनम आणि गोदावरीवरच्या इचमपल्ली या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. आदिवासी नेते लालश्यामशाह महाराज आणि बाबा आमटे त्यात होते. हजारो आदिवासी त्यात उतरले आणि दोन्ही धरणं तेव्हा थांबली. त्या लढ्यातून परतलेल्यांपुढे प्रश्न उभा राहिला : धरण थांबलं, आता गावात काय? ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा गोंडी मुलखात फिरत होती. तिचा रोजच्या जगण्यात अर्थ काय, हे मात्र कुणी करून दाखवलेलं नव्हतं.

जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून आलेले मोहन हिराबाई हिरालाल तेव्हा ‘वृक्षमित्र’ संस्थेमार्फत गडचिरोलीत काम करत होते. वन व्यवस्थापनात लोकांचा वाटा काय असू शकतो याचा अभ्यास त्यांना करायचा होता. मेंढ्यात देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती हेच प्रश्न आपापल्या परीनं विचारत होते. ही गाठ पडली १९८७च्या सुमारास. सगळं शहाणपण गोंडांचं होतं आणि बाहेरच्यानं फक्त टिपून घेतलं, असं लिहिणं चुकीचं होईल. विनोबांचा सर्वसंमतीचा विचार मोहनभाऊंसोबत आला होता आणि गावात तो रुजला, कारण तिथली जमीन आधीच त्या जातीची होती. दोन्हीकडून काही आलं, दोन्हीकडचं काही बदललं.

गोटुल

गोटुल म्हणजे गोंड गावातलं तरुण-तरुणींचं एकत्र येण्याचं घर. पोरं तिथं गाणी, नाच, गोष्टी, वागण्याची रीत, कामाची शिस्त शिकत. गावाचे निर्णयही याच अंगणात होत. बाहेरच्यांनी गोटुलाबद्दल इतकं वेडंवाकडं लिहून-बोलून ठेवलं की शाळा शिकलेल्या गोंड पोरांना त्याची लाज वाटू लागली, आणि बऱ्याच गावांत गोटुल पडून गेलं. मेंढ्यातही तेच झालं होतं.

आंदोलनानंतर गावानं ठरवलं की गोटुल पुन्हा उभारायचं. खांबांसाठी सागवान लागणार होतं. निस्तार हक्कानं गावानं जंगलातून लाकूड आणलं आणि गोटुल उभं केलं. वनखात्याच्या नोंदीत ते बेकायदा लाकूड होतं. पोलीस बंदोबस्तात गोटुल उतरवलं गेलं, लाकूड जप्त झालं.

यानंतर जे झालं त्याचा मी अनेक प्रशिक्षणांत दाखला देते. आसपासच्या गावांनी मेंढ्याच्या बाजूनं मोर्चा काढण्याऐवजी आपापल्या गावात गोटुल बांधायला घेतलं. एका गावाचं गोटुल मोडता येतं. गावागावांत उभं राहिलेलं गोटुल मोडायला खातं किती ठिकाणी जाणार? शासनाला माघार घ्यावी लागली. परंपरेतलं एक घर पुन्हा बांधणं हीच इथं राजकीय कृती होती आणि ती करायला वेगळ्या भाषणाची गरज पडली नाही.

मेंढ्याचं राजकारण पुढे याच अंगणात वाढलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांना माहीत आहे. तिचा पहिला अर्धा भाग लोक विसरतात. दिल्ली-मुंबईचं सरकार त्यांनी नाकारलेलं नाही, ते आमचंच आहे असं म्हटलं आहे. म्हणून कायदा हातात घेऊन ते त्याच सरकारच्या दारात पुन्हा पुन्हा गेले.

निर्णय वेगळा, अभ्यास वेगळा

आता मूळ गोष्टीकडे येते. मेंढ्याच्या ग्रामसभेत मतदान होत नाही. एक जरी माणूस राजी नसेल तर निर्णय होत नाही, विषय पुढच्या बैठकीला जातो. गरज पडली तर त्याच्याही पुढच्या.

हे ऐकून शहरातला कार्यकर्ता लगेच विचारतो, मग काम कसं होतं? एखाद्यानं अडवूनच धरलं तर? मीही हेच विचारलं होतं. बहुमताच्या बैठकीत शंभरातले ४९ जणही हरतात आणि घरी जातात. हरलेला माणूस नियम पाळायला बांधील नसल्यासारखा वागतो आणि मग त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो. जंगलात पहारा ठेवणं कुणाला परवडणार? १,८०० हेक्टरांत कोण कुठल्या नाल्याकाठी कुऱ्हाड चालवतो हे पाहायला गावाकडे शिपाई नाहीत. ज्या नियमाला प्रत्येकानं स्वतः हो म्हटलं आहे, तोच नियम एकट्या माणसाच्या हातून जंगलात पाळला जातो. निर्णयाला लागलेला वेळ अंमलबजावणीत वसूल होतो. हे गणित गोंड गावांनी जंगलाशी जगता जगता बसवलं असावं, असं माझं मत आहे.

पण एकमताच्या सभेला एक धोका असतो. जाणकार माणूस बोलला की बाकीचे मान डोलवतात. मेंढ्यानं यासाठी अभ्यास मंडळ वेगळं केलं. निर्णयाची जागा ग्रामसभा, समजून घेण्याची जागा अभ्यास मंडळ. अभ्यास मंडळात बाहेरचा माणूस येऊ शकतो, कायदा सांगू शकतो, वाद घालू शकतो, आकडे मांडू शकतो. तिथं काहीही ठरत नाही. ठरत नसल्यामुळे माणसं मोकळी बोलतात, मत बदलतात, मला कळलं नाही असं म्हणू शकतात. ग्रामसभेत बाहेरच्याचा आवाज चालत नाही, मग तो अधिकारी असो की मोहनभाऊ.

आपल्या संघटनांत नेमकं उलटं असतं. जो अभ्यास करतो तोच ठराव मांडतो, तोच भाषण करतो, आणि ज्यांच्यासाठी ठराव आहे त्यांचं काम हात वर करणं एवढंच उरतं. मीसुद्धा एका गावात पहिल्या प्रशिक्षणात सवयीनं ‘ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा’ असं म्हटलं होतं. हात वर झाले, अगदी सगळे. संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर एका बाईनं शांतपणे विचारलं, ‘ताई, तुमी हात वर करा म्हणल्या म्हणून केले जी. आता सांगा, होतं काय ते?’ त्या दिवसानंतर मी तो प्रश्न गावात कधी विचारला नाही.

परंपरा जशीच्या तशी घेतली नाही

आदिवासी ज्ञानाची बाजू घेणारे आपण एक चूक सर्रास करतो. त्याला गोठवून ठेवतो. जुनं ते सगळं निसर्गाशी जुळलेलं आणि शहाणं, असं मानून चालतो. मेंढ्यानं आपल्या परंपरेलाही अभ्यास मंडळात बसवलं.

जुन्या पंचायतीत बायका नव्हत्या. सरपण, मोहफुलं, चारोळी, वास्ते (बांबूचे कोंब) गोळा करणाऱ्या बायकाच जर सभेत नसतील, तर एकमत कुणाचं? सभेच्या वेळा बदलल्या, बायका येऊ लागल्या, बोलू लागल्या. दारूबद्दलची चर्चा तर त्यांनीच लावून धरली. मोहाची दारू गोंडांच्या देवकार्यात लागते, तिला सरळ बंदी घालणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी पूजेपुरती ठेवायची आणि बाकी बंद, असं ठरलं. सरकारी दारूबंदी कायद्याला हा फरक कधी करता आला नसता. तो फक्त त्या गावालाच कळतो.

जंगलातल्या सवयींचंही तसंच. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. उन्हाळ्यात तीच आग पुढे पसरते, नवी रोपं आणि बांबू जाळत जाते. आग्या मोहोळाचा मध पेटत्या मशालीनं काढला की माश्या मरतात आणि पोळं संपतं. या दोन्ही गोष्टी पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या. गावानं आगीवर बंधनं घातली, मध काढताना माश्या जगतील अशी पद्धत बाहेरच्या जाणकारांकडून शिकून घेतली. वयस्क माणसाला ‘तुमची पद्धत चुकीची’ असं अधिकाऱ्यानं म्हणणं निराळं आणि त्याच्याच नातवानं सभेत उठून ‘आजा, मागच्या तीन वर्षांत त्या कड्यावर पोळं दिसलं नाही’ असं म्हणणं निराळं.

गावानं पैशाचीही शिस्त लावली. ग्रामसभेमार्फत मिळालेल्या कामाच्या मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात जायचा. बाहेरचा कुणीही, सरकारी असो की संशोधक, गावात काम करणार असेल तर आधी ग्रामसभेपुढे येऊन काय करणार आणि त्यातून गावाला काय मिळणार हे सांगायचं. ज्ञान घेऊन जाणाऱ्यांना गावाची परवानगी लागते, हा नियम मेंढ्यानं स्वतः केला.

बांबू हे झाड की गवत

रांझी म्हणजे बांबूचं बेट. गडचिरोलीच्या जंगलात मुख्यतः मानवेल जातीचा बांबू आहे, बारीक पोकळीचा, चिवट. पावसाळ्यात रांझीतून नवे कोंब येतात, त्यांनाच वास्ते म्हणतात, त्यांची भाजी करतात. पहिल्या वर्षीचा बांबू कोवळा, दुसऱ्या वर्षीचा त्याला आधार देणारा, तिसऱ्या वर्षानंतरचा तोडायचा. तोडताना पहिल्या पेराच्या वर तोडायचं, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजत नाही. रांझीच्या बाहेरचेच सोपे बांबू तोडत गेलं तर मधले गुंतून मरतात, म्हणून मधून वाट करावी लागते. कुठल्या रांझीतून यंदा किती घ्यायचे, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. कारखान्याच्या कंत्राटी तोडीत हे कुणी पाहत नव्हतं. मजुराला नगावर पैसे मिळायचे आणि नग बाहेरच्या बाजूलाच सोपे असतात.

बांबू शास्त्रानं गवत आहे. गोंडालाही ते माहीत आहे, कारण तो गवतासारखा फुटतो आणि झाडासारखा वाढत नाही. पण १९२७च्या भारतीय वन अधिनियमात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड, वेत, बुंधे, झुडपं यांच्यासोबत बांबूही घातला होता. झाड म्हटलं की त्याचं लाकूड, लाकूड म्हटलं की खात्याचा हक्क. एका व्याख्येनं गावाची मुख्य संपत्ती गावाच्या हातून गेली.

२००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंच्या, यादीत बांबू स्पष्टपणे लिहिला गेला. मेंढ्यानं सामूहिक वनहक्काचा दावा तयार केला आणि २००९ मध्ये, जिल्ह्यातल्याच मर्दा गावासोबत, देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांत त्याचं नाव लागलं. सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सांभाळ करण्याचा आणि त्यातलं गौण वनोपज विकण्याचा हक्क.

हक्क मिळाला तरी बांबूचा ट्रक गावाबाहेर निघू शकत नव्हता, कारण वाहतूक परवाना वनखातं देतं आणि खात्याच्या लेखी बांबू अजून झाडच होता. दोन कायदे, दोन व्याख्या, मध्ये उभा बांबूचा ढीग. मेंढ्यानं हा प्रश्न न्यायालयात अडकवण्यापेक्षा उघड्यावर लावून धरला. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज म्हणून धरायला सांगितलं. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

खाकी खात्याच्या सहीनं निघणारा कागद त्या दिवसापासून ग्रामसभेच्या सहीनं निघू लागला. ग्रामसभेच्या नावानं पॅन कार्ड आलं, बँक खातं आलं. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, वनहक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे गेला. २०१७ मध्ये वन अधिनियमातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून बांबू हा शब्द वगळला गेला. नव्वद वर्षांची व्याख्या बदलायला बऱ्याच लोकांचं बळ लागलं आणि त्याचं श्रेय एका गावाला देणं योग्य नाही. पण व्याख्या चुकीची आहे हे बांबूच्या ढिगाशेजारी उभं राहून सांगणाऱ्यांत मेंढा पुढे होता.

राजकीय कामात ज्ञान आणणं म्हणजे काय याचं माझ्यापुरतं उत्तर या प्रसंगात आहे. रांझीबद्दल गावाला जे कळत होतं ते ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणून पुस्तिकेत छापून काही उपयोग नव्हता. ते कायद्याच्या व्याख्येत शिरलं आणि परवान्यावर सही कुणाची हे त्यानं ठरवलं, तेव्हा ते राजकारण झालं.

म्हाताऱ्यांचा शब्द पुरावा होतो

वनहक्काच्या नियमांतला १३ क्रमांकाचा नियम मी प्रत्येक गावात वाचून दाखवते. दाव्याचा पुरावा म्हणून त्यात सरकारी कागद आहेतच, पण जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा आहेत, वंशावळ आहे आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं निवेदनही आहे. म्हणजे पेनठाणा (गोंडांचं देवस्थान) कुठं, कुठल्या देवाचा, त्याची पूजा कुठल्या कुळाकडे, हे सांगणारी आजी कायद्यापुढे साक्षीदार ठरते. ‘गावाची सीमा कुठं?’ या प्रश्नाला तलाठ्याच्या नकाशाइतकंच तिच्या बोलण्याला वजन मिळतं.

ओडिशातल्या नियमगिरीत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. नियमराजाचा डोंगर आमचा देव आहे असं डोंगरिया कोंध सांगत होते आणि त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभांनी एकामागून एक खाणीला नकार दिला.

गडचिरोलीतच दुसरी बाजूही आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं स्थान आहे, दरवर्षी जानेवारीत तिथं यात्रा भरते, इलाक्यातल्या ग्रामसभांनी लोहखाणीला विरोध नोंदवला. तिथं खाण चालू आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच कायद्याखाली, एका गावच्या बांबूचं ऐकलं गेलं आणि एका इलाक्याच्या देवाचं नाही. ज्यांना मेंढ्याची गोष्ट सांगून मन शांत करून घ्यायचं असेल, त्यांनी सुरजागडचं नावही घ्यावं.

उचलून नेता न येणारं

मेंढ्याची नक्कल करायला गेलेल्या बऱ्याच गावांना नक्कल जमली नाही. समिती तयार झाली, खातं उघडलं, तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभेनं केला, आणि मग एक-दोन हुशार पुरुषांनीच व्यापाऱ्याशी बोलायला सुरुवात केली. पैसा आला की वाद आले. ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांच्यात अधिकारावरून कुरबुरी झाल्या. शिकायला बाहेर गेलेली पोरं गोटुलात परत बसत नाहीत. एकमतानं चालायला माणसं एकमेकांना ओळखणारी हवीत, गाव लहान हवं, सभा वाडीपाड्याची हवी. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६च्या पेसा कायद्यानं आणि महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनी वाडीपाड्याला गाव म्हणून मान्यता मिळायची वाट केली आहे, पण ती वाट चालायला गावालाच उठावं लागतं.

ज्यांना जमलं, त्यांनी स्वतःचं काही केलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यांनी बांबूवर भर दिला आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं, कारण पत्त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आग लावली जाते आणि तेंदूची फळं पाखरा-जनावरांच्याही वाट्याची आहेत. हातातोंडाशी आलेलं उन्हाळी उत्पन्न सोडायला एकमत व्हायला किती बैठका लागल्या असतील याचा अंदाज ज्यांनी तेंदूच्या फळीवर (पानं गोळा करण्याच्या केंद्रावर) काम केलं आहे त्यांनाच येईल. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली. व्यापाऱ्याशी एकेकट्यानं बोलायचं नाही, हे ठरवलं.

मेंढा स्वतः २०१३ मध्ये आणखी पुढे गेला. १९६४च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली गावानं आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. कसायचा हक्क कुटुंबाकडे, मालकी गावाकडे. विनोबांचं ग्रामदान देशभर कागदावर विरून गेल्यावर ते एका गोंड गावात पुन्हा उगवलं. अंमलबजावणीसाठी गावाला त्यानंतरही वर्षानुवर्षं शासनाच्या मागे लागावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये मोहन हिराबाई हिरालाल गेले. आपलं नाव आई-वडील दोघांच्या नावांनी लावणारा हा माणूस गावच्या सभेत निर्णयाच्या वेळी गप्प बसायचा. कार्यकर्त्यानं गप्प बसायला शिकणं ही फार मोठी शिस्त आहे, आणि ती त्यांच्याकडून शिकायला मला उशीर झाला.

गेल्या हिवाळ्यात कोरचीच्या बाजूला एका गावात बांबूच्या तोडीची सभा होती. नाल्यापलीकडच्या उताराचा बांबू यंदा द्यायचा की नाही, एवढाच विषय. व्यापाऱ्याचा माणूस सकाळपासून मोटारसायकलला टेकून उभा होता. सभा गोंडीत चालू होती, सचिव मराठीत टिपून घेत होता. दुपार कलली, सगळे हो म्हणाले. एक आजी तेवढी म्हणाली, ‘मले अजून समजलं नाही जी.’ तिला पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं. कुणी चिडलं नाही. सचिवानं वही मिटली आणि पुढच्या गुरुवारी बसायचं ठरलं. व्यापाऱ्याचा माणूस निघून गेला.

गुरुवारी सभा गावात भरलीच नाही. आजी पुढे आणि बाकी गाव मागे, असे सगळे नाला ओलांडून उतारावर गेले. तिनं एका रांझीपाशी उभं राहून यंदाचे कोंब बोटांनी मोजून दाखवले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कुठं दोन, कुठं एकच. मागच्या उन्हाळ्यातली आग या उतारावरून गेली होती, हे तिला आठवत होतं, कारण ती त्याच वाटेनं सरपणाला येते. एका दगडावर बसून सचिवानं वही उघडली. उताराचा बांबू दोन वर्षं तोडायचा नाही, असं लिहिलं. सूचक आणि अनुमोदक या दोन ओळींपाशी तो थांबला, इकडेतिकडे पाहिलं, आणि दोन्ही ठिकाणी आडवी रेघ ओढून वही अंगठ्यांसाठी आणि सह्यांसाठी फिरवायला दिली.